बेड्या तोडणारा वकील : डॅनियल ओ’कॉनेल

रविवारची मिस्सा संपवून आपण चर्चच्या दारातून बाहेर पडतो, तेव्हा पुष्कळदा तिथे कोणीतरी डबा घेऊन उभे असते. कधी आजाऱ्यांसाठी, कधी एखाद्या शाळेसाठी, कधी दूरच्या पूरग्रस्तांसाठी. आपण खिशात हात घालतो, हाताला लागेल ते नाणे टाकतो आणि घराकडे वळतो. त्या नाण्याचे पुढे काय झाले, याचा विचार आपण फारसा करीत नाही. आज आम्ही ज्या माणसाची ओळख करून देणार आहोत, त्याने चर्चच्या दारात जमणाऱ्या अशाच लहान नाण्यांच्या बळावर एका बलाढ्य साम्राज्याला आपला कायदा बदलायला लावला. तो धर्मगुरू नव्हता, संतही नव्हता. तो एक प्रापंचिक कॅथलिक होता. पेशाने वकील, मुलाबाळांचा बाप, कायम कर्जात बुडालेला आणि मनावर एका खुनाचे ओझे वागवणारा. त्याचे नाव डॅनियल ओ’कॉनेल.

आयरिश लोक त्यांना लिबरेटर म्हणत. मुक्तिदाता हा शब्द आपण प्रभू येशूसाठी राखून ठेवला आहे, म्हणून आम्ही त्यांना बेड्या तोडणारा म्हणतो. २०२५ साली त्यांच्या जन्माला अडीचशे वर्षे पूर्ण झाली.

स्वतःच्याच देशात परके

ओ’कॉनेल यांचे काम समजण्यासाठी आधी त्या काळचे आयर्लंड पाहावे लागेल. देशातील दर चार माणसांपैकी तीन कॅथलिक होती, पण सत्ता, जमीन आणि न्यायालये ही इंग्लंडच्या राजाच्या चर्चला मानणाऱ्या मूठभर लोकांच्या हाती होती. १६९१ साली कॅथलिकांचा शेवटचा लष्करी पराभव झाला आणि त्यानंतर एकामागून एक जाचक कायदे आले. कॅथलिक माणसाला जमीन विकत घेता येत नसे. बाप वारला की त्याच्या जमिनीचे सर्व मुलांत तुकडे होत, मात्र थोरला मुलगा राजाच्या चर्चमध्ये गेला तर सगळी जमीन त्याची. भावाला भावापासून आणि मुलाला बापापासून तोडणारा हा कायदा होता. कॅथलिकाला शाळा चालवता येत नसे आणि मुलांना शिकायला परदेशी पाठवणे हाही गुन्हा होता. पाच पौंडांहून जास्त किमतीचा घोडासुद्धा त्याने बाळगायचा नाही! १७२८ साली मतदानाचा हक्कही गेला. शिवाय कॅथलिक शेतकऱ्याला आपल्या पिकातून दुसऱ्याच्या चर्चचा दशांश भरावा लागे, तो वेगळाच.

बिशपांना हद्दपार करण्यात आले होते. कित्येक ठिकाणी लोक डोंगरात, एखाद्या सपाट खडकाला वेदी मानून मिस्सा ऐकत. मिस्साचे खडक म्हणून ओळखले जाणारे ते दगड आजही आयर्लंडमध्ये दाखवले जातात. आपल्याला दर रविवारी हाकेच्या अंतरावर मिळते ती मिस्सा त्या लोकांनी पाऊस अंगावर घेत, पाळत ठेवायला पोर उभे करून जपली, हे आपण विसरू नये.

केरीचा मुलगा

अठराव्या शतकाच्या अखेरीस हे कायदे थोडे सैल होऊ लागले होते. त्याच सुमारास, ६ ऑगस्ट १७७५ रोजी, आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला केरी परगण्यात, काहरसिव्हीन गावाजवळ डॅनियल यांचा जन्म झाला. वडील मॉर्गन, आई कॅथरीन. त्या काळच्या रीतीप्रमाणे तान्हा डॅनियल गुरे राखणाऱ्या एका कुळाच्या घरी वाढायला दिला गेला. त्या झोपडीत त्याने आयरिश भाषा उचलली आणि गरिबाचे जेवण, गरिबाची भीती, गरिबाचा विनोद हे सगळे जवळून पाहिले. पुढे लाखोंच्या सभेत तो लोकांच्या मनातले बोलू शकला, त्याची मुळे इथे आहेत.

त्याचे मोठे काका मॉरिस यांना मूलबाळ नव्हते. समुद्रकिनाऱ्यावरील डेरीनेन येथे त्यांचे घर होते. टोपीवर कर बसला तेव्हा तो चुकवण्यासाठी ते शिकारी टोपी घालू लागले, म्हणून लोक त्यांना शिकारी टोपीवाले असेच म्हणत. फ्रान्स आणि स्पेनमधून चोरटा माल आणून त्यांनी चांगला पैसा केला होता. त्यांनी डॅनियलला आपला वारस मानले आणि शिक्षणाचा खर्च उचलला. दुसरे एक काका फ्रान्सच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर होते, कारण मायदेशात कॅथलिकाला तसा हुद्दा मिळणे शक्यच नव्हते.

१७९१ साली डॅनियल आणि त्याचा धाकटा भाऊ फ्रान्समध्ये सेंत-ओमेर येथील कॅथलिक विद्यालयात गेले आणि नंतर दुए येथे. पण तिकडे राज्यक्रांती पेटली होती. विद्यालये बंद पडत होती, धर्मगुरू मारले जात होते. जानेवारी १७९३ मध्ये, ज्या दिवशी राजा सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला, त्याच दिवशी ही दोन पोरे जीव मुठीत धरून कॅलेच्या वाटेला लागली. स्वातंत्र्याच्या नावाने सुरू झालेली चळवळ रक्ताला चटावली म्हणजे काय होते, हे सतरा वर्षांच्या डॅनियलने पाहिले. ते त्याच्या मनातून कधीच पुसले गेले नाही.

१७९२ साली कायद्यात सुधारणा होऊन कॅथलिकांना वकिली करण्याची मोकळीक मिळाली होती. डॅनियल लंडनला कायदा शिकले आणि मे १७९८ मध्ये डब्लिनला त्यांनी सनद घेतली. नेमके त्याच महिन्यात आयर्लंडमध्ये बंड उसळले. ते चिरडताना हजारो माणसे मारली गेली. तरुण वकिलाने मनाशी धडा घेतला : हक्क मागायचे, पण रक्त सांडायचे नाही.

संसार आणि श्रद्धा

बंडानंतर इंग्लंडने आयर्लंडची स्वतंत्र संसद गुंडाळून ती लंडनच्या संसदेत विलीन करायचे ठरवले. जानेवारी १८०० मध्ये डब्लिनला याविरुद्ध कॅथलिकांची सभा भरली आणि तिथे ओ’कॉनेल यांनी आपले पहिले जाहीर भाषण केले. सैनिक दारात उभे असताना ते बोलले. काका मात्र नाराज झाले. सरकारच्या डोळ्यावर येऊ नये, असे त्या व्यवहारी माणसाचे मत होते.

काका आणखी नाराज झाले ते १८०२ साली. डॅनियल यांनी मेरी ओ’कॉनेल या दूरच्या नात्यातील मुलीशी गुपचूप लग्न केले. मेरीकडे हुंडा नव्हता. काकांनी वारसाहक्काचा मोठा वाटा काढून घेतला. पण हे लग्न सुखाचे झाले. त्यांच्या मुलांपैकी चार मुलगे आणि तीन मुली जगल्या. वकिलीच्या दौऱ्यावरून डॅनियल पत्नीला सतत पत्रे लिहीत.

तरुणपणी त्यांची श्रद्धा डळमळीत झाली होती, हे आम्ही लपवणार नाही. लंडनला शिकताना त्यांनी त्या काळच्या नास्तिकतेकडे झुकणाऱ्या लेखकांची पुस्तके वाचली आणि काही वर्षे ते चर्चपासून दूर राहिले. मेरी मात्र मनापासून भाविक होती. तिच्या सहवासात ते हळूहळू परतले आणि पुढील आयुष्यात मिस्सा, पापनिवेदन आणि कम्युनियन यांना ते नियमाने धरून राहिले. आपल्या घरांतही शिकायला बाहेर गेलेले एखादे मूल चर्चला यायचे थांबते. त्या आईबापांना ही हकिकत धीर देईल, असे आम्हाला वाटते.

वकील म्हणून ओ’कॉनेल यांचे नाव गाजले. उलटतपासणीत त्यांचा हात धरणारा नव्हता. पण ते कॅथलिक होते, म्हणून त्यांच्याहून कमी कुवतीचे वकील ज्येष्ठ पदाचा रेशमी झगा घालून पुढच्या बाकावर बसत आणि ते मागेच राहत. न्यायाधीश होण्याचा तर प्रश्नच नव्हता. पैसा भरपूर येई, पण टिकत नसे. मागणाऱ्याला ते नाही म्हणत नसत आणि स्वतःचाही हात सढळ होता. १८२२ साली कर्ज इतके वाढले की खर्च कमी करण्यासाठी मेरीला मुलांसह फ्रान्समध्ये जाऊन राहावे लागले.

एक गोळी

१८१५ साल हे त्यांच्या आयुष्यातील काळे वर्ष. डब्लिनची महापालिका तेव्हा कॅथलिकविरोधी लोकांच्या ताब्यात होती. एका भाषणात ओ’कॉनेल यांनी तिला भिकार म्हटले. जॉन डेस्टेर नावाच्या एका सभासदाने हा आपला अपमान मानून त्यांना द्वंद्वाचे आव्हान दिले. डेस्टेर नेमबाज म्हणून प्रसिद्ध होता. ओ’कॉनेल मारले जातील आणि कॅथलिकांची डोकेदुखी संपेल, असे अनेकांना वाटत होते.

ख्रिस्तसभेने द्वंद्वाला पाप ठरवले होते. हे ओ’कॉनेल यांना माहीत होते. पण त्या काळी माघार घेणारा भित्रा ठरे आणि नेत्याला ते परवडणारे नव्हते. १ फेब्रुवारी रोजी डब्लिनबाहेरच्या एका शेतात दोघे समोरासमोर उभे राहिले. डेस्टेरची गोळी चुकली. ओ’कॉनेल यांची गोळी त्याच्या कमरेखाली लागली आणि दोन दिवसांनी तो मरण पावला. घरी पत्नी आणि लहान मुले, डोक्यावर कर्ज.

गावात लोकांनी आनंदाने दिवे लावले. ओ’कॉनेल यांच्या घरी मात्र आनंद नव्हता. आपल्या मिळकतीतील वाटा देण्याची तयारी त्यांनी विधवेला कळवली. तिने ती नाकारली, पण मुलीसाठी वार्षिक मदत घेतली. ती मदत ओ’कॉनेल यांनी मरेपर्यंत चालू ठेवली. असे सांगतात की त्यानंतर कम्युनियनला जाताना ते उजव्या हातात काळा मोजा घालीत. ज्या हाताने माणूस मारला, तो उघडा हात प्रभूसमोर न्यायची त्यांना लाज वाटे.

तरीही सवय एकदम सुटली नाही. त्याच वर्षी सरकारातील रॉबर्ट पील यांच्याशी त्यांचे द्वंद्व ठरले होते. पोलिसांनी वेळीच अटक केल्यामुळे ते टळले. पुढे मात्र त्यांनी पुन्हा कधीही द्वंद्वाला उभे राहायचे नाही अशी शपथ घेतली आणि ती पाळली. विरोधकांनी भित्रा म्हणून हिणवले तरी पाळली. माणूस पडतो, पण पडल्या जागी बसून राहिला नाही तर देव त्याच्याकडून काम करून घेतो.

दर महिना एक पेनी

१७९३ साली कॅथलिकांना मतदानाचा हक्क परत मिळाला होता, पण संसदेत बसण्याचा नाही. मत द्यायचे, पण ते आपल्या माणसाला द्यायचे नाही! खानदानी कॅथलिक वर्षानुवर्षे नम्र अर्ज पाठवीत आणि संसद ते बाजूला ठेवी. मध्यंतरी सरकारने एक देवघेव सुचवली : हक्क देऊ, पण कॅथलिक बिशपांच्या नेमणुकीत नकाराधिकार आमचा. काही प्रतिष्ठित कॅथलिकांना हे मान्य होते. रोममधूनही अनुकूल पत्र आले. ओ’कॉनेल मात्र ठाम राहिले. सरकारने निवडलेला बिशप हा सरकारचा नोकर होईल, मेंढपाळ राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आयरिश बिशपही त्याच मताचे होते.

१८२३ साली त्यांनी कॅथलिक असोसिएशन स्थापन केली. सुरुवातीला बैठकीला दहा माणसे जमवतानाही नाकी नऊ येत. १८२४ साली त्यांनी एक साधी युक्ती काढली. सभासद व्हायला दर महिना फक्त एक पेनी. बारा पेनींचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे वर्षाकाठी गरिबाला जेमतेम एक शिलिंग पडे. या वर्गणीला लोक कॅथलिक खंडणी म्हणू लागले. ती गोळा कुठे करायची? रविवारी, चर्चच्या दारात. वेदीवरून फादर आवाहन करीत आणि गावातील मंडळी डबा घेऊन उभी राहत.

बघता बघता दर आठवड्याला शेकडो पौंड जमू लागले. त्या पैशातून गरीब कुळांचे खटले लढवले गेले, वर्तमानपत्रांना आणि शाळांना मदत झाली. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच घडली. पेनी देणारा मजूर आता या चळवळीचा मालक झाला. दर रविवारी नाणे टाकताना त्याला वाटू लागले की आपणही कोणीतरी आहोत. युरोपात सामान्य माणसांची एवढी मोठी शिस्तबद्ध राजकीय संघटना त्याआधी झाली नव्हती. सरकारने १८२५ साली बंदी घातली, तर ओ’कॉनेल यांनी नियम बदलून नवी संस्था काढली. कायद्याची प्रत्येक फट त्यांना ठाऊक होती.

क्लेअरची निवडणूक

१८२८ साली क्लेअर परगण्यात पोटनिवडणूक लागली. उमेदवार होते व्हेसी फिट्झजेराल्ड. ते लोकप्रिय जमीनदार होते आणि कॅथलिकांना हक्क मिळावेत असे त्यांचेही मत होते. पण ते ज्या सरकारात मंत्री झाले, ते सरकार हक्क द्यायला तयार नव्हते. त्यांच्याविरुद्ध उभे राहायला कोणी मिळेना, तेव्हा ओ’कॉनेल स्वतः उभे राहिले. कॅथलिकाला संसदेत बसता येत नव्हते, पण निवडणुकीला उभे राहू नये असे कायद्यात कुठेही लिहिलेले नव्हते!

त्या काळी मतदान गुप्त नसे. जमीनदाराच्या माणसांसमोर उभे राहून मोठ्याने नाव सांगावे लागे. वर्षाला चाळीस शिलिंग मूल्याची जमीन ज्याच्याकडे, तो मतदार. असे मतदार बहुतेक जमीनदाराची कुळे होती. धन्याच्या मर्जीविरुद्ध मत दिले, तर जमीन आणि झोपडी दोन्ही जाण्याची भीती. तरीही ती माणसे आपापल्या धर्मग्रामातून, फादरांच्या मागे रांगा करून, एनिस या परगण्याच्या गावी चालत आली. निवडणूक होईपर्यंत दारूला शिवायचे नाही असे ठरले होते आणि ते पाळले गेले. हजारो माणसे अनेक दिवस गावात होती, पण दंगा झाला नाही. एनिसच्या न्यायालयात एकेक कूळ पुढे आले आणि त्याने धन्याच्या डोळ्यांदेखत ओ’कॉनेल यांचे नाव घेतले. मोजणी झाली. ओ’कॉनेल यांना २,०५७ मते आणि फिट्झजेराल्ड यांना ९८२.

तेव्हा इंग्लंडचे पंतप्रधान होते ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८०३ साली आपल्या महाराष्ट्रात असईच्या लढाईत शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव करणारे आर्थर वेलस्ली ते हेच. जन्म डब्लिनचा, पण कॅथलिकांच्या मागणीला विरोध. या जुन्या सेनापतीने ओळखले की आता नकार दिला तर यादवी युद्ध होईल. गृहमंत्री होते तेच रॉबर्ट पील. दोघांनी मिळून नाखूश राजाला राजी केले आणि १३ एप्रिल १८२९ रोजी कॅथलिक मुक्तीचा कायदा झाला. संसद, मंत्रिपदे आणि बहुतेक सर्व वरिष्ठ जागा कॅथलिकांना खुल्या झाल्या. एकही गोळी झाडावी लागली नाही.

पण या विजयाची किंमत कोणी दिली? त्याच वेळी दुसरा एक कायदा करून चाळीस शिलिंगवाल्या मतदारांचा हक्क काढून घेण्यात आला आणि मर्यादा दहा पौंडांवर नेण्यात आली. दोन लाखांहून अधिक असलेले मतदार चाळीस हजारांच्याही खाली आले. क्लेअरला जीव धोक्यात घालून ज्यांनी मत दिले, त्यांचेच मत गेले. संसदेची दारे उघडली ती सुखवस्तू कॅथलिकांसाठी. ओ’कॉनेल यांनी १८२५ साली अशा एका देवघेवीला संमती दिली होती आणि नंतर आपली चूक कबूल केली होती. १८२९ साली त्यांनी विरोध केला, पण अडून बसण्याइतका नाही. त्यांच्या कारकिर्दीवरचा हा डाग आहे आणि तो सांगायलाच हवा. समाजाचा एक भाग वर चढतो तेव्हा खांदा देणारा बऱ्याचदा खालीच राहतो, हे आपल्याही समाजाला नवे नाही.

न घेतलेली शपथ

१५ मे १८२९ रोजी ओ’कॉनेल संसदेत हजर झाले. पण त्यांची निवडणूक नव्या कायद्याच्या आधीची, म्हणून त्यांच्यासमोर जुनीच शपथ ठेवण्यात आली. कोणत्याही परकीय धर्माधिकाऱ्याला, म्हणजे पोपलाही, या राज्यात धार्मिक अधिकार नाही आणि नसावा, असे मान्य करायला लावणारी ती शपथ. सभागृह गच्च भरले होते. ओ’कॉनेल यांनी कागद हातात घेऊन शांतपणे वाचला. यातील एक भाग खोटा आहे हे मला ठाऊक आहे आणि दुसरा खरा आहे असे मला वाटत नाही, अशा अर्थाचे बोलून त्यांनी शपथ नाकारली आणि ते बाहेर पडले.

दोन ओळी पुटपुटल्या असत्या तर जागा मिळाली असती. त्यांनी तसे केले नाही. पुन्हा क्लेअरला गेले, बिनविरोध निवडून आले आणि फेब्रुवारी १८३० मध्ये नव्या शपथेने संसदेत बसले.

दुसऱ्यांच्या बेड्या

स्वतःच्या समाजाला हक्क मिळाले की पुष्कळ नेते थांबतात. ओ’कॉनेल थांबले नाहीत. ज्यू लोकांना समान हक्क मिळावेत म्हणून ते बोलले. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने संपवण्यात त्यांचा आवाज मोठा होता. १८३९ साली हिंदुस्थानातील रयतेची बाजू मांडण्यासाठी लंडनमध्ये ब्रिटिश इंडिया सोसायटी निघाली, तेव्हा तिलाही त्यांनी साथ दिली.

खरी कसोटी अमेरिकेत लागली. तिथे गेलेले लाखो आयरिश लोक चळवळीला पैसा पाठवीत होते, पण त्यांतील अनेक जण गुलामगिरीच्या बाजूचे होते. ओ’कॉनेल यांनी त्यांना खडसावले. गुलामांच्या घामाचा पैसा आपल्याला नको, असे कळवले. दक्षिणेकडील राज्यांत त्यांना पाठिंबा देणाऱ्या काही मंडळांनी रागाने कामच बंद केले. सहकारी म्हणाले, गप्प राहा, वर्गणी बुडते. ते गप्प राहिले नाहीत. १८४५ साली गुलामीतून पळालेले फ्रेडरिक डग्लस हे तरुण कृष्णवर्णीय वक्ते डब्लिनला आले आणि त्यांनी म्हाताऱ्या ओ’कॉनेल यांचे भाषण ऐकले. त्या आठवणीचा उल्लेख ते पुढे आयुष्यभर आदराने करीत.

मृत्यूतही माणसाला मान मिळावा, ही त्यांची आणखी एक धडपड. कॅथलिकांना स्वतःची दफनभूमी नव्हती आणि इतरांच्या दफनभूमीत आपल्या धर्मगुरूंना प्रार्थना म्हणण्याची अडचण होई. ओ’कॉनेल यांच्या पुढाकाराने १८३२ साली डब्लिनला ग्लासनेव्हिन दफनभूमी सुरू झाली. ती त्यांनी फक्त कॅथलिकांसाठी ठेवली नाही. कोणत्याही धर्माचा किंवा धर्म नसलेला माणूस तिथे पुरता येई.

सभा रद्द करणारा नेता

१८४१ साली ओ’कॉनेल डब्लिनचे लॉर्ड मेयर झाले. दीडशे वर्षांत त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले कॅथलिक. ज्या महापालिकेवरून गोळी चालली होती, तिचेच ते प्रमुख झाले. आता त्यांच्यापुढे एकच ध्येय उरले होते : आयर्लंडची संसद परत मिळवणे. १८४३ साली त्यांनी देशभर विराट सभा घेतल्या. १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, तारा टेकडीवर लाखो लोक जमले. ध्वनिक्षेपक नसलेला तो काळ. ओ’कॉनेल यांचा आवाज दूरवर ऐकू जाई आणि पलीकडच्यांना तो माणसांकरवी पोहोचवला जाई.

शेवटची मोठी सभा रविवारी, ८ ऑक्टोबरला डब्लिनजवळ क्लॉन्टार्फ येथे होती. आदल्या दुपारी सरकारने बंदी घातली. सैन्य आणि तोफा आणल्या. लोक तर दूरवरून निघाले होते. हट्टाने सभा घेतली असती तर रक्ताचा सडा पडला असता, आणि कदाचित बंडही पेटले असते. ओ’कॉनेल यांनी सभा रद्द केली. रात्रीतून घोडेस्वार पाठवून वाटेवरच्या लोकांना माघारी वळवले. एकही माणूस मेला नाही.

पण चळवळीचे कंबरडे मोडले. तरुणांनी त्यांना भेकड म्हटले. सरकारने तरीही कटाचा खटला भरला आणि १८४४ साली त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली. तीन महिन्यांनी वरिष्ठ सभागृहाने ती रद्द केली. ते सुटले, पण पूर्वीचा जोम राहिला नाही. मेरी १८३६ सालीच गेली होती. १८४६ साली शस्त्र हाती घ्यावे की नाही या प्रश्नावर तरुणांचा गट त्यांना सोडून गेला.

क्लॉन्टार्फला ते चुकले का? इतिहासकार आजही यावर वाद घालतात. आम्हाला एवढेच दिसते की १८१५ साली लोक काय म्हणतील या भीतीने ज्याने एक माणूस मारला, त्यानेच १८४३ साली लोक काय म्हणतील याची पर्वा न करता हजारोंचे प्राण वाचवले.

शेवटचा प्रवास

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. गरिबांचे सगळे अन्न तेच. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व तापाने मेली आणि तितकीच देश सोडून गेली. ८ फेब्रुवारी १८४७ रोजी ओ’कॉनेल लंडनच्या संसदेत शेवटचे बोलले. ज्या आवाजाने टेकड्या दुमदुमत, तो आता शेजारच्या बाकापर्यंत जेमतेम पोहोचत होता. आपल्या लोकांना वाचवा, नाहीतर चौथा हिस्सा जनता मरेल, अशी त्यांनी भीक मागितली. सभागृहाने आदराने ऐकले. पुरेशी मदत काही मिळाली नाही.

डॉक्टरांनी उबदार देशात जायला सांगितले. ओ’कॉनेल यांनी रोमची यात्रा ठरवली. पोप नववे पायस यांना भेटायचे आणि तिथेच देह ठेवायचा, ही इच्छा. एक धर्मगुरू आणि धाकटा मुलगा सोबत होते. पण रोम गाठता आले नाही. इटलीतील जेनोआ शहरात, शेवटचे संस्कार घेऊन, १५ मे १८४७ रोजी त्यांनी प्राण सोडला. बरोबर अठरा वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, त्यांनी ती शपथ नाकारली होती.

त्यांच्या इच्छेप्रमाणे हृदय रोमला नेण्यात आले आणि देह आयर्लंडला. ऑगस्टमध्ये, दुष्काळाने पोळलेल्या डब्लिनमधून त्यांची अंत्ययात्रा ग्लासनेव्हिनला गेली. आज तिथे त्यांच्या कबरीवर उंच गोल मनोरा उभा आहे. डब्लिनच्या मुख्य रस्त्याला १९२४ पासून त्यांचे नाव आहे. आणि काहरसिव्हीन गावात त्यांच्या नावाचे चर्च आहे. त्याची कोनशिला १८८८ साली बसवली गेली आणि तो दगड पोप तेरावे लिओ यांनी रोमहून पाठवला होता. संत नसलेल्या एका प्रापंचिक माणसाचे नाव चर्चला मिळावे, ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, राजकारण घाणेरडे आहे, आपण त्यात पडू नये, असे आपण सहज म्हणतो. ओ’कॉनेल त्यात पडले. त्यांचे हात मळले, चुका झाल्या, एक जीवही गेला. पण त्यांनी खोटी शपथ घेतली नाही, दुसऱ्याच्या बेड्यांकडे पाठ फिरवली नाही आणि आपल्या लोकांचे रक्त सांडू दिले नाही. त्यांच्यामागे उभी होती ती क्लेअरची नाव नसलेली कुळे, ज्यांनी धन्यासमोर खरे बोलण्याचे धैर्य दाखवले आणि त्याची किंमत मोजली. येत्या निवडणुकीत आपण गुप्त मतदानाच्या खोलीत निवांत उभे राहू, तेव्हा त्यांची आठवण ठेवू या. आणि या रविवारी मिस्सामध्ये मृतांसाठी प्रार्थना होईल तेव्हा डॅनियल, मेरी, जॉन डेस्टेर आणि त्या साऱ्या गरीब मतदारांसाठी एक क्षण थांबू या.